सुरुवातीलाच आपलं चित्र!

बालमित्रांनो, आज एक साधा प्रश्न. घरचा किंवा शाळेचा संगणक चालू केलात, की पडद्यावर सगळ्यात आधी काय दिसतं? डोळे मिटा आणि आठवून सांगा. उठून बघायला जायचं नाही हं! कुणी म्हणेल, कंपनीचं नाव. कुणी म्हणेल, चार निळ्या चौकोनांची खिडकी. आणि त्याखाली गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके. रोज दिसतं, पण नीट बघतो कोण? तेवढ्या वेळात आपण पाणी पिऊन येतो!

या चित्राला स्टार्टअप लोगो किंवा बूट लोगो म्हणतात. आपण त्याला ‘सुरुवातीचं चित्र’ म्हणू या. मध्यंतरी पाचवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिनं विचारलंय, ‘बाई, हे चित्र बदलता येतं का? मला तिथे आमच्या मनीमाऊचं चित्र लावायचंय. त्यासाठी फुकट प्रोग्राम मिळतो असं दादा म्हणतो.’

दादा खरं बोलतोय. चित्र बदलता येतं आणि फुकट प्रोग्रामही मिळतो. पण संगणक किती जुना आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. एखाद्या संगणकावर हे काम पाटीवर चित्र काढण्याइतकं सोपं असतं, तर एखाद्यावर घराच्या पायातला दगड हलवण्याइतकं जोखमीचं. म्हणून आधी सोप्या संगणकापासून सुरुवात करू.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत जाड पोटाच्या मॉनिटरचा जुना संगणक आहे का? आमच्या शाळेत एक आहे. एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला, विंडोज ९८ वाला. विंडोज ९५ आलं १९९५ साली आणि विंडोज ९८ आलं १९९८ साली, म्हणजे नावातच वर्ष! या दोघांचं सुरुवातीचं चित्र म्हणजे निळं आकाश, पांढरे ढग, मध्ये खिडकीचं चिन्ह आणि सगळ्यात खाली सरकणारी एक रंगीत पट्टी. आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

हे ढगांचं चित्र विंडोजच्याच एका फाईलच्या पोटात दडलेलं असतं. पण विंडोज सुरू होताना आधी ‘सी’ ड्राईव्हच्या दारात डोकावून बघतं. तिथे लोगो.एसवायएस नावाची फाईल सापडली, तर ढग बाजूला राहतात आणि त्या फाईलमधलं चित्र पडद्यावर येतं. फाईल नसेल तर ढग आहेतच! गंमत म्हणजे नावापुढे एसवायएस असं भारदस्त शेपूट असलं, तरी ही फाईल म्हणजे साधं चित्र असतं. पेंटमध्ये आपण बीएमपी प्रकारचं चित्र साठवतो ना, तेच. फक्त नाव बदललेलं.

अट मात्र एक आहे. चित्र बरोबर ३२० ठिपके रुंद आणि ४०० ठिपके उंच हवं आणि त्यात रंग जास्तीत जास्त २५६ हवेत. आता तुमच्यातला हुशार म्हणेल, ‘बाई, रुंदीपेक्षा उंची जास्त? पण मॉनिटर तर आडवा असतो!’ अगदी बरोबर. ते उभं चित्र पडद्यावर आडवं ताणून दाखवलं जातं. त्यामुळे होतं काय, की पेंटमध्ये काढलेला गोल पडद्यावर चपटा दिसतो, एखाद्या खरबुजासारखा. मग गोल गोलच दिसावा म्हणून काय करायचं?

इथे आपलं गुणोत्तर कामाला येतं. जुन्या मॉनिटरची रुंदी आणि उंची ४ ला ३ अशा प्रमाणात असते. रुंदीत ३२० ठिपके, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला आली ४ भागिले ३२० इतकी जागा. उंचीत ४०० ठिपके, म्हणजे एकाच्या वाट्याला ३ भागिले ४००. ही दोन उत्तरं काढून बघा. पहिलं ०.०१२५ आणि दुसरं ०.००७५. म्हणजे प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा रुंदीला जास्त आहे आणि त्यांचं प्रमाण आहे ५ ला ३. तेव्हा आपण उलट करायचं. गोल काढताना तो ३ ला ५ असा उभट काढायचा. ६० ठिपके रुंद आणि १०० ठिपके उंच अंडाकृती काढा. सुरुवातीच्या पडद्यावर ती पुरीसारखी गोल दिसेल!

आमच्या चौथीच्या वर्गानं हे करून पाहिलं. चित्र कोणतं काढायचं यावर दोन दिवस भांडणं. एक गट म्हणे शाळेसमोरची चिंच, दुसरा म्हणे बैलगाडी. शेवटी मतदान झालं आणि वारली चित्र निवडून आलं. माझ्या मते निवड फार चांगली होती, कारण वारली चित्रात गेरूचा तांबूस रंग आणि त्यावर पांढऱ्या रेषा, एवढंच असतं. २५६ रंगांपैकी दोनच वापरले की काम झालं. फोटो लावायला जाल, तर तो २५६ रंगांत कोंबताना डागाळतो आणि चेहऱ्यावर गोवर उठल्यासारखा दिसतो. वारलीतल्या माणसांची डोकी गोल असतात, अंगं दोन त्रिकोणांची. मुलांनी आधी चौकटीच्या वहीत ३ चौकोन रुंद आणि ५ चौकोन उंच अशी उभट डोकी काढून सराव केला. पेंटमधलं चित्र बघून आमच्या दुसरीच्या बाई म्हणाल्या, ‘अगं, ही माणसं अशी भुतासारखी लांबोडकी का?’ मुलं हसून लोळायची बाकी होती, कारण त्यांना पुढचं माहीत होतं.

तुमच्याकडे असा संगणक नसला तरी एक प्रयोग घरच्या नव्या संगणकावरही करता येईल. पेंटमध्ये ३२० गुणिले ४०० ठिपक्यांचं चित्र काढा आणि साठवताना ‘२५६ कलर बिटमॅप’ हा प्रकार निवडा. मग त्या फाईलवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाईलचा आकार बरोबर १,२९,०७८ बाइट दिसेल. चित्र मांजराचं असो की डोंगराचं, आकार तेवढाच! कसा? ३२० गुणिले ४०० म्हणजे १,२८,००० ठिपके, प्रत्येकाला एक बाइट. २५६ रंगांची यादी, प्रत्येक रंगाला ४ बाइट, म्हणजे १,०२४. आणि सुरुवातीला चित्राची माहिती सांगणारं ५४ बाइटचं मथळ्याचं कलम. करा बेरीज.

ही जी रंगांची यादी आहे ना, तिच्यातच त्या सरकणाऱ्या पट्टीचं गुपित आहे. चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी रंग लिहिलेला नसतो, रंगाचा नंबर लिहिलेला असतो. म्हणजे ‘हा ठिपका २४० नंबरचा’. २४० नंबरचा रंग कोणता, ते यादीत बघायचं. विंडोज सुरू होताना पट्टीतल्या ठिपक्यांना हातही लावत नव्हतं. यादीतल्या शेवटच्या काही रंगांची जागा तेवढी एकेक घर पुढे सरकवत राहायचं. ठिपके जागच्या जागी, रंग मात्र पुढे पुढे! गणपतीच्या मांडवातली दिव्यांची माळ आठवा. दिवे कुठे पळतात? ते खिळ्यालाच टांगलेले असतात. आलटून पालटून पेटतात म्हणून आपल्याला उजेड पळताना दिसतो. पेंटमधून साठवलेल्या चित्रात ही हालचाल येत नाही. ती आणण्यासाठी त्या काळी छोटे छोटे फुकट प्रोग्राम मिळायचे. कोणत्या नंबरपासूनचे रंग फिरवायचे, ते हे प्रोग्राम फाईलमध्ये नोंदवून ठेवायचे.

बरं, विंडोज ९८ बंद करतानाही दोन चित्रं दिसायची. एक ‘थांबा, बंद होतंय’ सांगणारं आणि दुसरं, काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत, ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ असं इंग्रजीत सांगणारं. जुन्या संगणकांना वीज आपणहून बंद करता येत नसे. हा पडदा आला की आपण उठून बटण दाबायचं. या दोन चित्रांच्या फाईली विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, लोगोडब्ल्यू.एसवायएस आणि लोगोएस.एसवायएस. माप तेच, ३२० गुणिले ४००. मात्र या खऱ्या फाईली आहेत, त्यामुळे त्यांची एक प्रत दुसऱ्या नावानं आधी काढून ठेवायची.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो इथे. पहिलीच्या मुलांना ती नारिंगी इंग्रजी अक्षरं काय कळणार? ती बिचारी पडदा काळा झाला की घाबरायची, नाहीतर आधीच बटण दाबून मोकळी व्हायची. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. पण चित्राला कुठली भाषा? चौथीच्या मुलांनी माऊसनं एकेक अक्षर रेखाटून लिहिलं, ‘झालं! आता बटण दाब.’ बाजूला बटण दाबणारं एक बोट काढलं. अक्षरं जरा वाकडी आहेत, ‘झ’ तर फारच वाकडा आहे, पण पहिलीतलं पोरगंसुद्धा आता ते वाचून मगच बटण दाबतं.

समजा काही बिघडलं तर? काही बिघडत नाही. लोगो.एसवायएस पुसून टाका, की ढग परत. म्हणून जुन्या संगणकावर हा खेळ बिनधास्त खेळा. फक्त त्याला इंटरनेट जोडू नका. विंडोज ९८ ची देखभाल कंपनीनं २००६ सालीच थांबवली, त्यामुळे त्यात शिरणाऱ्या चोरांना अडवणारं कुणी नाही.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि गोष्ट अवघड झाली. त्याचं सुरुवातीचं चित्र विंडोजच्या अगदी मुख्य फाईलमध्ये होतं, तेही १६ रंगांचं. ती फाईल खराब झाली तर संगणक सुरूच होणार नाही. बूटस्किन नावाचा एक प्रोग्राम घरगुती वापरासाठी फुकट मिळायचा. तो त्या फाईलला धक्का न लावता चित्र बदलायचा, म्हणून लोकांच्या आवडीचा होता. एक्सपी आता मागे पडलं, तेव्हा आपणही पुढे जाऊ.

आता आजचे संगणक. बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते फर्मवेअर. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम राहणारा हा प्रोग्राम. तो आपल्या शाळेच्या शिपाईकाकांसारखा. सगळ्यांच्या आधी येऊन फाटक उघडतो, वर्ग ठीक आहेत ना बघतो, मग मुख्याध्यापिका आल्या की किल्ल्या त्यांच्या हाती देतो. मुख्याध्यापिका म्हणजे विंडोज. किल्ल्यांबरोबर शिपाईकाका एक चित्रही देतात, कंपनीचं. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून विंडोज तेच चित्र पडद्यावर ठेवतं आणि खाली फिरणारे ठिपके दाखवतं. हे चित्र ज्या तक्त्यात नोंदवलेलं असतं त्याचं नाव बूट ग्राफिक्स रिसोर्स टेबल, थोडक्यात बीजीआरटी.

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या दादानं बहुधा ज्याचं नाव ऐकलं असेल, तो फुकट प्रोग्राम म्हणजे हॅकबीजीआरटी. ‘हॅक’ शब्दानं आई-बाबांनी दचकू नये. इथे त्याचा अर्थ खटपट करून बदल करणं एवढाच आहे, आणि प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणालाही उघडून बघता येतं. तो शिपाईकाका आणि मुख्याध्यापिका यांच्या मध्ये उभा राहतो, काकांच्या हातातलं चित्र हळूच काढून घेतो आणि तुमचं चित्र पुढे सरकवतो. चिपमधलं मूळ चित्र तसंच राहतं. म्हणून कधी कधी क्षणभर कंपनीचं चित्र दिसतं आणि मग मनीमाऊ! यातही चित्र बीएमपीच लागतं, २४ बिटचं, आणि ते पेंटमध्ये काढता येतं.

इथून पुढचा भाग मोठ्यांनी मुलांबरोबर बसून वाचावा अशी विनंती.

संगणक सुरू होण्याच्या वाटेवर कुणी मध्ये उभं राहिलं, की दोन पहारेकरी जागे होतात. पहिला सिक्युअर बूट. तो प्रत्येक प्रोग्रामवर ओळखीचा शिक्का आहे का, ते बघतो. हॅकबीजीआरटीवर मायक्रोसॉफ्टचा शिक्का नाही. त्यामुळे एक तर या पहारेकऱ्याला सुट्टी द्यावी लागते, नाहीतर प्रोग्रामची त्याच्याशी मुद्दाम ओळख करून द्यावी लागते. दुसरा पहारेकरी बिटलॉकर. तो डिस्कवरची सगळी माहिती कुलपात ठेवतो. सुरुवातीच्या वाटेवर काही बदल दिसला, की त्याला वाटतं चोर आला. मग तो ४८ अंकी किल्ली मागतो. किल्ली दिली नाही तर डिस्कवरचं काहीही उघडत नाही. फोटो नाहीत, हिशेब नाहीत, ताईचा कॉलेजचा प्रकल्प नाही. आणि पुष्कळ घरांत आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू आहे हेच कुणाला ठाऊक नसतं, कारण नव्या लॅपटॉपवर असं कुलूप बरेचदा आपोआप लागलेलं असतं. हा प्रोग्राम बनवणाऱ्यांनीही स्वच्छ लिहिलंय, की आधी किल्ली शोधून ठेवा आणि संगणक अडला तर दुरुस्त करायला वेगळी डिस्क तयार ठेवा.

आमच्या मुलांनी हट्ट धरला होता, की ऑफिसच्या लॅपटॉपवरही वारली चित्र लावू. त्या लॅपटॉपवर सगळ्या शाळेची माहिती आहे, दाखल्यांपासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत. मुख्याध्यापिकाबाईंनी सरळ ‘नाही’ म्हटलं आणि मला ते शंभर टक्के पटलं. मुलांचे चेहरे पडले, पण त्या दिवशी बाईंनी एक चांगलं काम केलं. त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन त्या लॅपटॉपची ४८ अंकी किल्ली शोधली आणि कागदावर लिहून कपाटात ठेवली. पालकहो, चित्र बदला किंवा बदलू नका, पण तुमच्या लॅपटॉपची किल्ली या रविवारी शोधाच. लॅपटॉपमध्येच लिहून ठेवू नका, वहीत लिहा!

अजून एक गोष्ट. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बायनर्ली नावाच्या कंपनीतल्या संशोधकांनी जाहीर केलं, की बऱ्याच संगणकांच्या फर्मवेअरमध्ये चित्र वाचणारा जो भाग असतो, त्यातच चुका आहेत. मुद्दाम वेडंवाकडं बनवलेलं चित्र सुरुवातीच्या चित्राच्या जागी ठेवलं, तर त्यातून चोरटा प्रोग्राम संगणकात शिरू शकतो, तोही विंडोज आणि अँटिव्हायरस जागे होण्याच्या आधी! या दोषांना त्यांनी नाव दिलं लोगोफेल. साधं चित्र, पण वाचणाऱ्यानं नीट तपासून वाचलं नाही तर केवढा घोटाळा! त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी फर्मवेअर सुधारून दिलं. घरच्या संगणकाला ती सुधारणा आली असेल तर मोठ्यांनी ती जरूर घ्यावी. घेताना चार्जर लावलेला असावा आणि मध्येच वीज जाण्याची वेळ नसावी, कारण चिपमध्ये अर्धवट लिहिलं गेलं तर संगणक मुका होऊन बसतो. आणि तयार लोगो कुठूनही उतरवून घेऊ नका. आपलं चित्र आपणच काढा.

मग पाचवीतल्या मैत्रिणीनं काय करावं? लॅपटॉप बाबांच्या कामाचा असेल, तर माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन आणि त्यात लॉक स्क्रीन उघड. तिथे मनीचं चित्र लाव. ठिपके फिरून झाले की पुढच्याच क्षणी मनी दिसेल आणि कुठलाही पहारेकरी रागावणार नाही. पण घरात एखादा जुना लॅपटॉप असेल, ज्यात कुणाचंही काही उरलेलं नाही, तर दादाला बरोबर घे, प्रोग्रामबरोबरच्या सूचना दोघं मिळून शेवटपर्यंत वाचा आणि मग खुशाल करून बघ. कसं झालं ते आम्हाला कळव. मनी झोपलेली काढलीस तर जास्त शोभेल, तिच्या खाली ते ठिपके फिरणार आहेत ना!

आता कोडं. लिनक्स नावाची संगणक प्रणाली तुम्ही ऐकली असेल. तिच्या पेंग्विनचं चित्र लॅरी यूइंग यांनी १९९६ साली काढलं. काही संगणकांवर लिनक्स सुरू होताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हे पेंग्विन ओळीनं उभे राहतात. प्रोसेसरला चार गाभे असतील तर चार पेंग्विन! प्रत्येक पेंग्विनचं चित्र ८० ठिपके रुंद आणि ८० ठिपके उंच असतं. तर विंडोज ९८ च्या ३२० गुणिले ४०० ठिपक्यांच्या चित्रात एकमेकांना न झाकता असे किती पेंग्विन मावतील? दोन वेगवेगळ्या रीतींनी उत्तर काढा. आणि वरच्या नियमानं ते पडद्यावर ताणले गेले, तर पेंग्विन लठ्ठ दिसतील की बारीक? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आणि कार्डाच्या कोपऱ्यात तो ताणलेला पेंग्विन काढायला विसरू नका.